तिबोटी खंड्याच्या दारातली निदर्शने

आत्तापर्यंत मी पाच पत्रकं लिहिली आहेत. पहिल्या चारांना कुणीही आलं नाही. पाचव्याला चाळीस माणसं आली, आणि ती येऊ नयेत म्हणूनच मी ते पत्रक लिहिलं होतं.

आमचं घर देहूरोडला. वडील लष्कराच्या डेपोत नोकरीला, दुपारच्या सुट्टीत युनियनमध्ये आणि संध्याकाळी चळवळीत. घरात गोष्टींची पुस्तकं फार नव्हती, पण पत्रकांचे गठ्ठे कॉटखाली कायम असायचे. मी वाचायला शिकले ती त्यांच्यावरच. पहिलीत बाईंनी 'ज'वरून शब्द सांगायला लावले तेव्हा बाकीच्यांनी जहाज, जग, जिलेबी असं काही सांगितलं. मी उभं राहून 'जाहीर निषेध' म्हणाले. बाईंनी दुसऱ्या दिवशी आईला शाळेत बोलावलं. गेले वडील, आणि बाईंना एक पत्रक देऊन आले.

पत्रकाबद्दल वडिलांचा दंडक एकच. कुठं, कधी आणि कशासाठी, हे वाचणाऱ्याला चालता चालता कळलं पाहिजे. भाषा कितीही जळजळीत असू दे, पत्ता नसेल तर ते पत्रक म्हणजे नुसती आरडाओरड, असं त्यांचं मत. मी हा दंडक दुधाबरोबर प्यायले होते. त्यातूनच पुढचा सगळा घोळ झाला.

मी तळेगावच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात काम करते. आमची सुट्टी गुरुवारी असते, त्यामुळे मला मैत्रिणी नाहीत. ज्या आहेत त्यांना रविवारी सुट्टी असते. दोन वर्षांपूर्वी मी एक वापरलेला कॅमेरा घेतला आणि गुरुवारी लोणावळ्याची लोकल पकडून पक्ष्यांमागे हिंडू लागले. वडिलांना हे समजेना.

"यातून साध्य काय होणार?" त्यांनी विचारलं.

"पप्पा, आनंद मिळतो."

"तो ठीक आहे. पण मागणी काय आहे?"

छंदाला मागणी नसते हे त्यांना पटत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही नीट पटत नव्हतं. म्हणून मी स्वतःसाठी एक जाहीरनामा तयार केला. एक, घरट्याचा फोटो काढायचा नाही. दोन, मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला फसवून बोलवायचं नाही. तीन, दाणे टाकून, आळ्या टाकून कुणाला लाचार करायचं नाही. हा जाहीरनामा मी वहीत लिहिला, खाली सही केली, आणि मग मला मोकळेपणाने हिंडता येऊ लागलं. खंडाळ्याला एका माकडाने माझा डबा पळवला आणि समोर बसून खाल्ला, तेव्हा त्याचा फोटो काढणं कलम तीनमध्ये बसतं का, यावर मी तिथंच उभी राहून विचार केला. तोवर त्याचं जेवण संपलं.

या छंदातले बाकीचे लोक असा विचार करत नाहीत. ते मोठ्या गाड्यांतून येतात, अंगात झाडापानांच्या नक्षीचे कपडे घालतात, आणि लेन्सलाही तसलेच कपडे घालतात. एकदा देहूरोड स्टेशनवर वडिलांनी अशा एकाला पाहिलं. वडील म्हणजे आयुष्य लष्कराच्या डेपोत गेलेला माणूस. जवळ जाऊन अदबीने विचारलं, "साहेब, कुठलं युनिट?" तो म्हणाला, "मी आयटीमध्ये आहे." वडिलांना त्या दिवशी चहा गोड लागला नाही.

मळवलीच्या पलीकडे डोंगराच्या कुशीत भाताची खाचरं आहेत, तिथं मला मावशी भेटली. म्हणजे आधी तिचा आवाज भेटला. मी एका धोबी पक्ष्यामागे बांधावरून वाकून चालले होते आणि मागून आवाज आला, "ए बाई, बांध मोडतीस व्हय गं?"

पन्नाशी ओलांडलेली, नऊवार कासोटा घातलेली, हातात विळा. मी माफी मागितली. मग तिने कॅमेऱ्याकडे पाहिलं.

"काय मोजतीस? रस्ता येणार हाय का?"

"नाही मावशी, पक्ष्यांचे फोटो काढते."

"कोन देतं तुला त्याचं?"

"कुणी नाही. स्वतःसाठी."

तिने माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं आणि घरी नेऊन चहा पाजला. तेव्हापासून मी गुरुवारी तिच्याकडेच जाऊ लागले. तिची दोन्ही मुलं लोणावळ्यात, एक हॉटेलात, एक बंगल्यावर ड्रायव्हर. शेत ती आणि नवरा बघायचे, आणि नवऱ्याचे गुडघे गेले होते.

गेल्या पावसाळ्यात, जुलैच्या सुरुवातीला, तिनेच मला सांगितलं. "त्या वड्याच्या दरडीत एक पाखरू शिरतंय बग. लय रंगीत. खेळन्यातलं वाटतं."

मी जाऊन पाहिलं. तिबोटी खंड्या. चिमणीएवढा, अंगावर नारिंगी आणि जांभळा, पाठीवर निळा, चोच पोवळ्यासारखी लाल. मुळात कोकणातला पक्षी. आमच्या घाटमाथ्याला दिसला तर नशीब. त्याचा फोटो मिळावा म्हणून लोक रजा टाकून कोकणात जाऊन बसतात. आणि तो इथं, ओढ्याच्या दरडीत बीळ करून, चोचीत पाल घेऊन आत जात होता. म्हणजे आत पिल्लं होती.

मी कॅमेरा डोळ्याला लावला. बोट बटणावर होतं. आणि मला कलम एक आठवलं. मी कॅमेरा खाली घेतला. समोर तिबोटी खंड्या, हातात कॅमेरा, उजेड बरा, आणि मी फोटो काढला नाही! हा त्याग मी कधीच विसरणार नाही. मी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तो अकरा जणांना सांगितला.

त्या अकरांपैकी कुणी कुणाला सांगितलं ते मला माहीत नाही. पुढच्या गुरुवारी मी ओढ्यावर गेले तर बिळासमोरच्या फांद्या छाटलेल्या होत्या आणि समोर एक घडीची खुर्ची मांडून एक गृहस्थ बसले होते. आमच्या फोटोवाल्यांच्या ग्रुपवर सगळे त्यांना 'सर' म्हणतात. पुण्याला असतात, निवृत्त आहेत, स्वभावाने अत्यंत गोड. त्यांची लेन्स इतकी लांब आहे की ती आधी पोचते आणि सर मागून येतात. बाजूच्या दगडावर त्यांचा मोबाईल खंड्याच्या आवाजात चिरकत होता.

"सर, हे काय चाललंय?" मी ओरडले.

सरांनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोला. पक्ष्याला त्रास होतो."

"तुम्ही फांद्या तोडल्या!"

"दोनच. त्याला जायला-यायला मोकळं झालं आता."

"आत पिल्लं आहेत. हे बघून तो आत जाणार नाही. पिल्लं उपाशी मरतील."

"अहो, मी फक्त एक तास बसणार आहे," सर समजुतीने म्हणाले. "तुम्हीही बसा ना. खुर्ची आहे आणखी एक गाडीत."

मी बसले नाही. मी तिथं जे काही बोलले ते पत्रकी भाषेत होतं, त्यात 'सरंजामी मनोवृत्ती' हा शब्द दोनदा आला. सरांनी शांतपणे सामान आवरलं, मला छत्री देऊ केली, आणि गेले. पण माझं डोकं शांत झालं नव्हतं. सर गेले तरी उद्या दुसरा येणार. मी रोज इथं असू शकत नाही. पिल्लं उडायला अजून आठवडाभर लागणार. काहीतरी संघटित केलं पाहिजे.

त्या संध्याकाळी मी बसून पत्रक लिहिलं. ते आजही माझ्याकडे आहे. वरती तीन वेळा 'जाहीर निषेध', चढत्या उद्गारचिन्हांसह. खाली: 'तिबोटी खंड्याच्या घरावरील कॅमेऱ्यांचे आक्रमण थांबलेच पाहिजे!' मग तीन परिच्छेद, जे मला अजूनही चांगले वाटतात. आणि मग, दंडकाप्रमाणे: 'स्थळ: मळवली स्टेशनहून चालत, वाडीच्या मागील ओढा, दुसरे वळण, करंजाच्या झाडासमोरची दरड, छातीइतक्या उंचीवरील बीळ. वेळ: रविवार, सकाळी ७ (पक्षी याच वेळी बाहेर पडतो). मूक निदर्शनास बहुसंख्येने उपस्थित राहा.'

मी ते वडिलांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. दुसऱ्या परिच्छेदातलं एक विशेषण काढलं.

"पत्ता छान दिलायस," ते म्हणाले. "आंधळासुद्धा पोचेल."

शुक्रवारी मी झेरॉक्स काढून कामावर जाता-येता वाटल्या आणि पत्रकाचा एक फोटो ग्रुपवर टाकला. लोकांनी हात जोडलेली चित्रं टाकली, टाळ्या टाकल्या. 'नक्की येणार' असं इतक्या जणांनी लिहिलं की मला भरून आलं. पहिल्या चार पत्रकांचा सल निघाला.

रविवारी मी रजा टाकून पहिल्या लोकलने गेले. बगलेत दोन फलक, पावसाने पुसट होऊ नयेत म्हणून प्लास्टिकमध्ये. वाडीच्या रस्त्याला वळले तर गाड्यांची रांग. पुढे एक मनुष्य माझं पत्रक हातात उघडं धरून नकाशा वाचावा तसा वाचत, मान वर करून करंजाचं झाड शोधत होता.

"तुम्हीच का आयोजक?" त्याने विचारलं. "फार नेमकी जागा दिलीत हो. आम्ही पैसे भरून गेलो होतो त्या टूरवाल्यांनीसुद्धा इतकं नेमकं दिलं नव्हतं."

मी फलक सावरत पळत सुटले.

ओढ्यावर पोचले तर दरडीसमोर तीन ओळींत माणसं. पुढची बसलेली, मधली गुडघ्यावर, मागची उभी, शाळेच्या फोटोसारखी. मी मोजली, चाळीसच्या आसपास होती. कॅमेऱ्यांना टोप्या, माणसांना टोप्या. मूक निदर्शन म्हणावं तर शब्दशः मूक. इतकी शिस्त मी कुठल्याही मोर्चात पाहिली नव्हती.

सरही आले होते. मला बघून पुढे झाले.

"तुमचं म्हणणं मला पटलं," ते म्हणाले. "म्हणून आज मी निषेध करायला आलोय."

"मग लेन्स कशाला आणली?"

"निषेधाची नोंद नको का ठेवायला?"

मी दगडावर चढले आणि भाषण केलं. मी म्हणाले, बंधू आणि भगिनींनो, आपण इथे जमलो आहोत हेच चूक आहे, घरी जा. मागून कुणीतरी 'श्श' केलं. दोघांनी माझे फोटो काढले. एका ताईंनी विचारलं, नाश्त्याची सोय आहे का, कारण पत्रकात तसं काही लिहिलेलं नव्हतं.

तेवढ्यात मला खंड्या दिसला. ओढ्यापलीकडे कारवीच्या काडीवर बसला होता, चोचीत सरड्याचं पिल्लू. तो दरडीकडे बघत होता आणि दरडीसमोर माणसांची भिंत. उडाला, अर्ध्यावर आला, वळला, परत काडीवर. चाळीस कॅमेरे एकदम वाजले. तो आणखी मागे गेला.

बिळातून पिल्लांची चिरचिर येत होती. मी आले तेव्हा ती मोठी होती. आठ वाजता बारीक झाली. पावणेनऊला मला कान देऊन ऐकावं लागलं. मी हात जोडले, रागावले, शेवटी फलक घेऊन कॅमेऱ्यांपुढे उभी राहिले. तेव्हा एकाने नम्रपणे मला दोन पावलं डावीकडे व्हायला सांगितलं. तो फलक चौकटीत छान येत होता म्हणे.

ही जागा मी त्यांना सांगितली होती. छातीइतक्या उंचीवर, हेही मीच सांगितलं होतं. आतली पिल्लं मेली असती तर ती सरांच्या मोबाईलने नाही, माझ्या पत्रकाने मेली असती.

मी खाचरांकडे पळाले. मावशी चिखलात उभी होती, डोक्यावर इरलं, म्हणजे पाठ झाकणारी पानांची ती जुनी टोपली, आता वरून प्लास्टिक लावलेली. तिची भाताची आवणी चालू होती. सोबत फक्त दोन बायका. बाकीच्या रविवारच्या गर्दीसाठी लोणावळ्याच्या हॉटेलांत भांड्यांना गेलेल्या. रोपाच्या मुठी बांधावर पडून होत्या आणि तिसरं खाचर अजून रिकामं होतं. ती आधीच पेटलेली होती, कारण येताना कुणीतरी तिच्या रोपातून चालत गेलं होतं.

मी रडत रडत सगळं सांगितलं.

"मंजी ती समदी तू बलावलीस?"

"हो."

"कशाला?"

"येऊ नका म्हणून सांगायला."

तिने विळा खोवला आणि पदर. "किती हाईत?"

"चाळीस."

"काय करत्यात?"

"काही नाही. नुसती बसलीत."

"मंजी रिकामीच हाईत," मावशी म्हणाली, आणि तिचा चेहरा बदलला.

ती ओढ्यावर गेली. मी मागे. तिने कमरेवर हात ठेवून त्या तीन ओळींकडे, आधी पुढच्या, मग मधल्या, मग मागच्या, असं नीट पाहिलं.

"आमच्यात एक रीत हाय," ती म्हणाली, आणि ती आवाजच असा लावते की चाळीस माना वळल्या. "आवनीच्या दिशी शेताजवळ आलेला मानूस कोरडा परत जात न्हाई. एक मूठ तरी लावायची. त्याबिगर गेला तर भात पोचट भरतो. माजं रोप तुडवलंय कुनी तरी, मी काय बोलले का? न्हाई. पन रीत सोडायची न्हाई."

ही रीत खरोखर आहे की तिने चालता चालता केली, हे मी तिला अजून विचारलेलं नाही. पण शहरातल्या माणसाला गावाची रीत मोडायची फार भीती वाटते. सरांनी आधी उठून खुर्ची मिटली. कुणीतरी म्हणालं, "ओह, भातलावणीचा अनुभव!" आणि मग सगळेच उठले. त्यांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग.

"ती नळकांडी खोपीत ठेवा," मावशी सांगत होती. "चिखलात पडली तर मी जबाबदार न्हाई. बूट काडा. आवो दादा, चष्मा ऱ्हाऊ द्या, चष्म्यानं काय व्हतंय. तुमी काका, तुमी उंच हाय, मधी या."

दहा मिनिटांत चाळीस माणसं गुडघाभर चिखलात आणि चाळीस कॅमेरे खोपीत ताडपत्रीखाली. सरांच्या हातात मूठ दिली तेव्हा त्यांनी ती बुके धरावा तशी धरली. मावशीने त्यांच्या मनगटाला धरून रोप कसं टोचायचं ते दाखवलं. त्यांनी पहिलं रोप लावलं, ते आडवं झालं. दुसरं लावलं, तेही आडवं झालं. "माजा नातू बरं लावतो," मावशी म्हणाली. "आन् त्यो अजून चालत न्हाई."

मी बांधावर उभी होते. कोरडी.

"तू का न्हाई उतरत?" मावशी.

इथं मला अडचण होती. माझे पणजोबा गावकीच्या वेठीला राबलेले. बोलावलं की जायचं, राबायचं, मोबदला मागायचा नाही. आजोबा छप्पन्न साली बौद्ध झाले, गाव सोडून देहूरोडला आले, डेपोत लागले, आणि त्यांनी घरात सांगून ठेवलं: दुसऱ्याच्या शेतात फुकट राबायचं नाही, कुणी कितीही गोड बोललं तरी. वेठबिगारीवर मी स्वतः एक पत्रक लिहिलं होतं. ते माझं तिसरं. आणि आता माझ्याच पत्रकाने आलेली चाळीस माणसं माझ्यासमोर फुकट राबत होती.

मी हे मावशीला तसंच्या तसं सांगितलं. तिच्या घरचे जमीनवाले, माझ्या घरचे त्या जमिनीवर राबलेले. आडपडदा ठेवून बोलायची मला सवय नाही.

"मावशी, ही वेठ आहे."

ती कमरेत वाकलेली होती, तशीच मान वर करून बोलली. "वेठ न्हाई. सावड हाय. आज तू माज्याकडं, उद्या मी तुज्याकडं. वेठ घेनारा कदी फेडाया आला हुता का तुज्या आज्याकडं?"

"नाही."

"मी येनार. एक दीस तुजा माज्याकडं लागला. कवा बी माग."

"माझ्या घरी याल? जेवाल?"

हे मी जरा ठसक्यात विचारलं. तिने एक रोप टोचलं, मग दुसरं.

"तुजी आई मटन कसं करती त्याच्यावर हाय," ती म्हणाली. "आन् बलवायचं आसंल तर आकाड हाय तवर बलव. एकदा श्रावन लागला की मी खात न्हाई. मग म्हनशील मावशीनं जात बगितली."

बाजूच्या दोन्ही बायका हसल्या. मी चपला काढल्या आणि उतरले. चिखल गार होता, आणि बोटांमधून वर आला.

किती वेळ गेला कळलं नाही. पाऊस होता. कुणी कुणाशी बोलत नव्हतं, सगळ्यांच्या कमरा धरल्या होत्या. आणि मग ओढ्याकडून एक चिरका आवाज आला. आमच्या खाचराच्या अगदी वरून, हातभर अंतरावरून, निळी-नारिंगी रेघ गेली. दरडीच्या त्या बाजूचं टोक खाचरातून दिसत होतं. खंड्या बिळाच्या तोंडाशी क्षणभर बसला. चोचीत तो सरडा, त्याची शेपूट खाली लोंबत होती. आत गेला.

चाळीस माणसं वाकलेली होती ती तशीच थांबली. प्रत्येकाच्या दोन्ही हातांत रोप. सरांचा हात सवयीने छातीवर कॅमेऱ्याकडे गेला, आणि तिथं कॅमेरा नव्हता, तर त्यांनी शर्टावर मूठभर चिखल थापून घेतला. एक ताई कळवळून म्हणाल्या, "अरे देवा, अरे देवा, उजेड बघा कसला आलाय!" पण चिखलातून पाय काढून खोपीपर्यंत जाणं म्हणजे आमच्यातल्या बहुतेकांना तेव्हा पुण्याला चालत जाण्याइतकं लांब होतं. खंड्या बाहेर आला, पुन्हा गेला, पुन्हा काही घेऊन आला. त्या सकाळी तो सहा वेळा आत गेला. मी मोजत होते. शेवटी शेवटी बिळातली चिरचिर खाचरापर्यंत ऐकू येऊ लागली, आणि तेव्हा मी पुढची मूठ उचलली.

दुपारी एकला तिन्ही खाचरं लावून झाली. ओळी वाकड्यातिकड्या होत्या. मावशी म्हणाली, भाताला सरळ रेघेचं काही नसतं. दोन बादल्या काळा चहा झाला. मग तिने सगळ्यांना सांगितलं, सावड आहे, ज्याला पाहिजे त्याने माझा एक दिवस मागून घ्यावा. लोक हसले, तिचे फोटो काढले आणि कमरेवर हात ठेवून गाड्यांकडे गेले. सर मात्र मागे राहिले.

"खरंच एक दिवस याल?" त्यांनी विचारलं.

"बोलले मंजी येनार. काम काय?"

सरांनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज उतरवला. "आमच्या गॅलरीत कबुतरं फार झाली आहेत. घरटी करतात. तुमचा आवाज चांगला आहे."

मी माझा दिवस तिथंच मागून घेतला. घरी या, जेवा, ते आमंत्रण आहे, सावडीत धरायचं नाही. पण माझा दिवस ओढ्याला द्या, मी म्हणाले. सोमवारपासून पिल्लं उडेपर्यंत कुणी आलं तर त्याला लांब ठेवा.

"मंजी दीस न्हाई, आठवडा झाला की ग."

"मी पुढच्या वर्षी पण आवणीला येईन."

"बरं," ती म्हणाली. "वाकायला शिकून ये."

सोमवार ते बुधवार मी कारखान्यात कसे काढले ते मलाच माहीत. दोन चुकीचे बॉक्स पास केले. ओढ्याच्या त्या वळणावर फोनला रेंज नसते. ग्रुपवर मात्र मंगळवारी एक मेसेज आला, कुणा अनोळखी माणसाचा. पत्रक वाचून तो सोमवारी गेला होता. त्याने लिहिलं होतं: 'मित्रांनो, मळवलीला चुकूनही जाऊ नका. एक बाई आहे. शेतात राबवून घेते. माझी पाठ गेली.' त्यावर खाली बऱ्याच जणांनी आपापल्या कमरेची हकीकत लिहिली. त्यानंतर त्या ओढ्यावर एकही कॅमेरा फिरकला नाही. माझे तीन परिच्छेद वाचून एकही माणूस परत फिरला नव्हता, आणि या माणसाने चार ओळींत काम केलं.

गुरुवारी पहाटेच्या लोकलने गेले. मावशी ओढ्याच्या काठी इरलं पांघरून बसली होती, पाय लांब करून. मी दरडीकडे बघितलं. आवाज नव्हता. मी काही विचारायच्या आतच माझा चेहरा पडला असावा.

"मेली न्हाईत," ती म्हणाली. "गेली. काल सकाळच्याला."

"सगळी?"

"चार. पयलं भुर्रकन गेलं, दुसरं त्याच्यामागं. तिसरं वड्यात पडता पडता वाचलं. चवथं लय येडं. बिळाच्या तोंडाशी बसून ऱ्हायलं. त्याची आई समोर फांदीवर खेकडा घेऊन बसलीय, ये म्हनती, आन् हे बसलंय. मग निगालं ते थेट माज्या इरल्यावर."

"तुमच्या डोक्यावर?"

"न्हाई तर काय? मी अशी बसलीय, हलते कशी? शिंक आलती, ती दाबली. पायाला मुंग्या डसत हुत्या."

"किती वेळ बसलं?"

तिने विचार केला. "चा निवला माजा," ती म्हणाली. "मग आईनं दोनदा आवाज दिला तवा गेलं. हितंच हाईत समदी, त्या कारवीत. आज बी बगितली."

पिल्लं उडाली होती, घरटं रिकामं होतं, आणि आता माझ्या कुठल्याच कलमाची आडकाठी नव्हती. मी कॅमेरा काढला. मावशी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि विळ्याने दाखवू लागली. ते काय, त्या वाळल्या काडीच्या वर. आता खाली आलं. ते बग, दोन हाईत. अगं, समोर हाय तुज्या! मी तासभर तिच्या विळ्याच्या टोकामागून लेन्स फिरवत राहिले आणि कारवीच्या पानांचे सत्तर फोटो काढले. घरी येऊन एकेक मोठा करून बघितला. एकातही पक्षी नाही. वडिलांनी सगळे पाहिले, आणि एका पानामागे नारिंगी काहीतरी आहे असं ते अजूनही म्हणतात.